टाकून दिलेली कणसे

मी, अंजनाबाई दौलतराव कापगते, वय एकाहत्तर, राहणार जुनवानी, भिलाई, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हट्टाने हे लिहून ठेवते. बीपी आहे, पण तो डोक्याचा आजार नाही.

एक. घर मुलगा राजकुमार याला. त्याच्या वडिलांनी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीची धग तीस वर्षे सोसून बांधलेले आहे, भाड्याने देऊ नये.

दोन. पाटल्या नात समीक्षा हिला. तिने दिलेला चटका विसरून देते आहे. कॉलेजच्या कामासाठी तिने अकरा घरांतला देशी मका तपासला, तर घरोघरी तेल वेगळे. कागद घेऊन आली नि म्हणाली, "आजी, तुझा भुट्टा दिखने में मस्त आहे, पण तेल छोट्या आजीच्या मक्यात ज्यादा निघून राहिलं. तिचं सात टक्के, तुझं चार. नि तिचं तेल लवकर खवट बी होत नाही."

छोटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ ठकूबाई. सासूबाईंनी दोघींना कणसांच्या एकाच जुडीतून बियाणे दिले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे दात शाबूत, गुडघे शाबूत, आणि आता मक्यात तेलही तिच्याच! तीन दिवस मला जेवण गोड लागले नाही.

तीन. हे कलम मी दोनदा फाडले. दरवर्षी मी लांब, भरदार कणसे बियाण्याला ठेवली आणि वेडीवाकडी, बारीक दाण्याची बाजूला टाकली. भावजी दवाखान्यात होते त्या साली ठकूबाईच्या बियाण्याला सोंडे लागले. ती मागायला आली. मी आढ्याला टांगलेली निवडक कणसांची जुडी काढलीच नाही, टोपलीतली टाकाऊ कणसे दिली. मनात म्हटले, पेर आता. समीक्षा सांगते, मक्याचे तेल दाण्याच्या अंकुरात असते, आणि त्या बारीक दाण्यांचा अंकुरच मोठा होता.

ठकूबाई मात्र गल्लीभर सांगते, "मोठ्या बाईनं निवडून देल्लं होतं बियानं, म्हून तेल आहे." हे मला तेलापेक्षा जास्त झोंबते. निवडून नव्हे ठकू, टाकून दिले होते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिले.

घरामागची मक्याची बाडी, विळा आणि माझी जुडी ठकूबाईला. ती आहे तोवर तिने पेरावे, राजकुमारने आडवे येऊ नये. पहिले कणीस माझ्या फोटोपुढे ठेवावे. टोपलीतले नको, चांगले निवडून.

ठिकाण: जुनवानी, भिलाई. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४.
सही: अंजनाबाई कापगते

साक्षीदार:
१. मैनाबाई लांजेवार
२. भैयालाल साहू

दुसऱ्या जागी आधी ठकूबाईचे नाव होते. वकील म्हणाले होते, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. तिला काही मिळू नये म्हणूनच तर घातले होते. ते मी माझ्या हाताने खोडले. खाडाखोड मला मान्य आहे.
अं. कापगते