घोड्याची लाथ

११ मार्च, सोमवार

— आणि वर दातांचा डॉक्टर मलाच विचारतो, पोरीला आधी का आणलं नाही! पाच महिने रांगेत नाव. डबो शहरापर्यंत तीन तास गाडी हाकली, वाटेत दोनदा मेंढ्या आडव्या. आणि आत दहा मिनिटं.

टीगनच्या वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन, एक इकडचा एक तिकडचा, नाहीतच. हाडात बीजच नाही म्हणे. चौदा वर्षांची पोर. दुधाचे पडले तेव्हापासून मी म्हणतेय, येतील उशिरा.

तारा लावून फटी बुजवायच्या, सुळे पुढे ओढून घासून त्या जागी बसवायचे. नाहीतर तारांनी फटी राखायच्या, तात्पुरते खोटे दात, आणि विशीत वाढ संपली की हाडात स्क्रू घालून त्यावर पक्के दात. काय ते शुक्रवारी फोन करून सांगा.

मग म्हणाला, घरात आणखी कुणाला असं? नजर माझ्या कवळीवर. मी म्हटलं, कुणाला नाही. मला घोड्याने लाथ मारलेली.

१२ मार्च

नवरा म्हणतो, तू ठरव, तुला कळतं. काय कळतं मला? सातवीत शाळा सोडलेली मी.

सासू चहाला आली. आमच्या घराण्यात असलं काही नाही, म्हणाली. मी म्हटलं, तुमचे नॉर्मकाका उभ्या जन्मात तोंड उघडून हसले का? अर्धा केक टाकून गेली. नॉर्मकाकांचे दात चांगले होते. उगाच बोलले.

टीगनला शाळेत दातांतल्या फटींवरून ‘फाटक’ म्हणतात. काल येताना गाडीत म्हणाली, “अशी मी एकटीच असेन ना गं?”

मी रेडिओ मोठा केला.

१३ मार्च

लोकर कातरणाऱ्या वीस जणांचं जेवण करपवलं. त्यांच्यातला रॉस म्हणाला, “मॉरीन, ही मेंढी दोनदा मारलीस काय?” एरवी त्याला सोडला नसता.

इथे तरी लिहिते. घोडा नव्हता. माझेही तेच दोन दात कधी आलेच नाहीत. सोळाव्या वर्षी आईने कवळी करून आणली, म्हणाली, घोड्याने लाथ मारली असं सांगायचं. कॉलशी लग्न केलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. त्यापायी त्याने टीगनला कधी घोड्यावर बसू दिलं नाही. शेजारच्यांची शिंगरं बघत पोर तारेच्या कुंपणाशी उभी असते.

आज सांगायलाच गेले तिच्या खोलीत. तोंड उघडलं आणि म्हटलं, पसारा आवर.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी कवळीच्या पेल्याखाली चिठ्ठी. टीगनचं अक्षर.

“आई, घोड्याने मधले दोन सोडून शेजारचेच दोन कसे पाडले? बाबांना काही बोलले नाही. उद्या डॉक्टरला फोन करायच्या आधी मला सांग.”