आधीचीला पहिला घास

२० डिसेंबर २००७, अकोट

लग्नाला आठ दिवस झाले आणि आज कुठे ही वही उघडायला सवड मिळाली. ही माझ्या ब्लॉगची कच्ची वही. आधी इथे लिहायचं, मग बसस्टँडजवळच्या जुबेरभाईंच्या कॅफेत जाऊन टाइप करायचं. घरी कॉम्प्युटर नाही, आणि असता तरी इथलं भारनियमन त्याला चालू देणार नाही.

ब्लॉगचं नाव 'आमच्या घरची माणसं'. बडनेऱ्याला असताना माहेरच्या चार पिढ्या शोधून काढल्या, अगदी इंजिनात कोळसा टाकणाऱ्या पणजोबांपर्यंत. वाचक मोजून दहा, त्यातली चार माझीच मावसभावंडं. पण खाज ती खाज. आता सासरची माणसं शोधायची.

घर छान आहे. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, आत जाताना बाजूनं सरकत जावं लागतं. नितेशचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. माणूस अबोल. पस्तिशीचा विधुर, आणि मी बत्तीस वर्षांची, चार स्थळांनी नाकारलेली. देवानं जोडा बरोबर जमवला म्हणायचा.

२४ डिसेंबर

आज सासूबाईंनी, म्हणजे दुर्गाबाईंनी, माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. रुपयाएवढा पत्रा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. हा सवतीचा टाक. पहिली वारली की दुसरीनं तो गळ्यात घालायचा, हे ऐकून होते. आपल्या गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं.

नियमही सांगितले. "जेवाच्या आधी तिले घास लाव, मंग तू खाय. पोट भरलं का ते गप रायते. अन् नाव नाई घ्याचं तिचं. आधीची म्हनाचं."

मी नाव विचारलं. सासूबाई उठून चुलीकडे गेल्या. नितेशना विचारलं तर म्हणाले, दोन वर्षं झाली, आता कशाला.

भाकरीचा तुकडा टाकाला लावला आणि मला हसू आलं. सवतीला भरवणारी मी एकटीच असेन, असं म्हटलं मनात.

४ जानेवारी २००८

वंशावळीचं काम जोरात. सासूबाईंना पुरुषांची नावं सात पिढ्या तोंडपाठ. बायका विचारल्या की अमक्याची माय, तमक्याची बायको. संताप येतो. माझ्या ब्लॉगवर प्रत्येक बाईला नाव मिळणार, हे मी ठरवून टाकलंय. अकोल्याचे चुलतसासरे खुशालराव ब्लॉग नियमानं वाचतात आणि चुका कळवतात. त्यांच्यामुळे तीन पणज्यांची नावं सापडली.

आज कपाटात फोटोंचा अल्बम सापडला. पहिल्या लग्नाच्या फोटोंतून नवरी कात्रीनं कापून काढलीय. एका फोटोत मात्र घाई झालेली दिसते. नितेशच्या खांद्यावर एक हात तेवढा राहिलाय. डावा, हिरव्या बांगड्यांचा.

१८ जानेवारी

शेजारच्या माणिकबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून एकटीच गेले. बायका पांगल्यावर माणिकबाईंनी नाव सांगितलं. शालू.

डावखुरी होती म्हणे. डाव्या हातानं वाढायची, म्हणून सासू रोज बोलायची. सहा वर्षं मूलबाळ नाही. सोडचिठ्ठी दे म्हणाले, तर ती देईना. मग पावसाळ्यात एक दिवस फवारणीचं औषध प्यायली. त्या वर्षी गावागावांतून औषध प्यायलेली माणसं दवाखान्यात येत होती. पोलीस कुणाकुणाला विचारणार? दहा मिनिटांत पंचनामा आटोपला.

माझे डोळे भरून आले. घास मी रोज जरा मोठा लावते, हेही सांगून टाकलं. माणिकबाईंनी माझा हात दाबला. "पोरी, सवत मातीची असली तरी सवतच असते. जास्त लाडावू नको तिले."

१९ जानेवारी

ब्लॉगवर घातलं. नितेशच्या चौकटीशेजारी, माझ्या नावाच्या वर: शालू. ज्या घरात तिचं नाव घेत नाहीत, त्याच घराच्या वंशावळीत. फार बरं वाटलं.

२३ जानेवारी

टाक दुपारी गरम असतो. अंगाच्या उबेनं होत असेल.

आज वरण वाढताना सासूबाई किंचाळल्या. मी डाव्या हातानं वाढत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पळी त्यांनी हिसकावून घेतली आणि मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. अशा नजरेनं मी त्यांना फक्त सापाकडे बघताना पाहिलंय.

२९ जानेवारी

ब्लॉगवर शालूच्या नावाखाली एक ओळ आहे. मी लिहिलेली नाही.

'मी औषध पिली नाई. मले पाजलं.'

कुणीतरी खोडी केली असं वाटलं. पासवर्ड फक्त मला माहीत आहे, म्हणून जुबेरभाईंना विचारलं. त्यांनाच नवल वाटलं. "भाभी, तुमीच त आल्त्या सकाळी. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करून राहिल्या होत्या. मी सलाम केला, तुमी पायलंबी नाई."

सकाळी मी गच्चीवर तुरीच्या शेंगा वाळत घालत होते. असं मला आठवतं.

शेंगा पाहिल्या. टोपलीतच होत्या.

१ फेब्रुवारी

ओळ पुसली. पासवर्ड बदलला. टाक काढायला गेले तर दोऱ्याची गाठ सापडेना. कात्री हातात घेतली आणि डावा हात उजव्याचं मनगट धरून बसला. माझाच हात. मला दुखेपर्यंत.

आज घास लावला नाही. उपाशी राहिले, म्हणजे दोघी उपाशी. संध्याकाळी पोटात कळ आली आणि मी दोन भाकरी नुसत्या उभ्यानं खाल्ल्या. डाव्या हातानं.

मला ती मारेल का? वाट्याला आलेला नवरा माझा, घर माझं. सवत मीच तर आहे तिची.

४ फेब्रुवारी

दोन ओळी आणखी.

'चहात होतं. नितेशनं केला. मले वास आला, म्या कप लोटला.'

'मंग आईनं हात धरला. डावा.'

कॅफेतच मला भडभडून आलं. जुबेरभाईंनी पाणी दिलं. मी ओळी पुसणार होते. पुसल्या नाहीत. का पुसू? दोन वर्षं ही बाई गप्प बसली, आणि तिचा जीव घेणाऱ्या माणसांच्या मी भाकरी थापते. मला भीती वाटायला हवी. वाटतेच. पण त्याहून जास्त चीड येते.

एक कळलं. सासूबाईंनी टाक भीतीपोटी केला, ती गप राहावी म्हणून. जिला मारलं तिला रोज जेवायला घातलं, आणि तेही माझ्या हातानं. आता ती जेवून धडधाकट झाली आहे.

६ फेब्रुवारी

सासूबाई सकाळी उठल्या तर डावा हात लुळा. डॉक्टर म्हणतात लकवा. मनगटावर पाच बोटांचे वळ आहेत, डॉक्टरांनी ते पाहिलेच नाहीत. की मलाच दिसतात —

सासूबाई माझ्या टाकाकडे बघून हात जोडायला जातात. एकच हात वर येतो.

मी पाणी पाजलं. पाजताना हसले. ती हसली की मी, माहीत नाही.

७ फेब्रुवारी

खुशालरावांचा फोन आला, नितेशना. ब्लॉगवर हे काय लिहिलंय म्हणून. नितेश बाहेर जाऊन बोलले, बराच वेळ. आत आले तेव्हा मला म्हणाले, तू दमलीस, आराम कर. आवाज मऊ. एवढा मऊ आवाज लग्नात मंगळाष्टका संपल्यावरही नव्हता.

माझा मोबाइल त्यांच्या खिशात आहे.

८ फेब्रुवारी

पिशवी भरली. सकाळची बस, मग बडनेरा, बाबा.

सासूबाई बोलत नाहीत आता. डोळे तेवढे दारावर.

पिशवी परत रिकामी. कपडे घडी घालून कपाटात. मी नाही केलं. पण खरं लिहू? मीही जोर लावला नाही. मला बघायचं आहे. त्याचं काय होतं ते या डोळ्यांनी बघायचं आहे.

९ फेब्रुवारी, दुपार

नितेश दुकानातून लवकर आले. गॅस पेटवला. या माणसानं लग्न झाल्यापासून गॅस पेटवलेला नाही. आल्याचा वास — भरपूर आलं — आणि त्याच्याखाली दुसरा —

कप माझ्यापुढे आहे. पी म्हणतात. लिही नंतर, आधी पी.

मी म्हटलं, आधीचीला लावते. नियम आहे.

कप टाकाला लावला. टाक काळा पडला. काठापासून आत — सगळा —

डावा हात कपासकट उठला. माझा नाही. नितेशच्या जबड्यावर —

मी अडवू शकले असते. अडवलं नाही. उजव्या हातात पेन आहे. लिहितेय. सगळं लिहितेय, शालू. सासूबाई बघताहेत. बघू देत. ते पाय झाडताहेत. खुर्ची — गिळलं. गिळलं त्यांनी —

शांत.

झालं, बाई. तुझा हिशेब झाला. आता सोड माझा हात.

कपात अर्धा आहे अजून.

हात सोडत नाही. कप उचलला. माझ्याकडे —

नाही, नितेश पडलेत, तिकडे — इकडे नाही —

आधी ती, मग मी. तिचा घास झाला —

शालू, मी तर तुझं नाव