मंजुरी आली नाही

चंदीगड, मंगळवार, संध्याकाळ

आज फार थकले. सासूबाईंच्या हृदयाची झडप बदलायची, यावर घरात सगळ्यांचं एकमत. कुठे, यावरूनच इतके दिवस वाद. मामंजींचं म्हणणं, सरकारी रुग्णालयात खरे मोठे डॉक्टर आहेत, नंबर लागेपर्यंत थांबू. समीरचं म्हणणं, "बाबा, तोवर आईला काही झालं तर? माझ्या कंपनीचा विमा आहे ना!" शेवटी समीरचं ऐकलं.

सकाळी दाखल व्हायला निघताना सासूबाईंनी स्वतःच बांगड्या उतरवून माझ्याकडे दिल्या. मोहालीच्या खासगी रुग्णालयात खोलीही मिळाली. दुपारी विम्याच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, अप्रूवल नहीं आया. बीमारी पुरानी है जी." म्हणजे जुन्या आजाराला विमा लागू नाही. जुनाच असणार ना? झडप काय काल बिघडली? समीर फोनवर भांडत राहिला आणि मी पर्समधल्या त्या बांगड्या चाचपत उभी.

परतताना गाडीत मामंजी आता "मी सांगत होतो" म्हणणार, म्हणून मी धास्तावले होते. पण ते घरी आल्यावर समीरशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "उद्या सरकारीत तू चल माझ्याबरोबर. एकट्याला मला तिथे भीती वाटते रे."

समीरने सगळे रिपोर्ट उद्यासाठी पिशवीत भरले. म्हणजे इतके दिवस दोघेही घाबरूनच भांडत होते?

इकडे मंजुरीसाठी थांबा, तिकडे नंबरासाठी. सासूबाई आतल्या खोलीत पडल्यात. त्यांची धाप इथवर ऐकू येतेय.