दहात एक शक्यता

जळगाव,
१० जुलै २०२५

चि. किरण हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निकाल तुझ्या बापाने, जीवरामने, फोनवर सांगितला. फोनवरचं बोलणं मी जमेस धरत नाही, म्हणून लिहिते. तूही लिहूनच कळव.

सीईटीला ९६.४ पर्सेंटाइल मिळूनही पुण्याच्या सरकारी कॉलेजात सिव्हिलची खात्री नाही, हे पाहून मी सर्द झाले. मी साठ टक्क्यांनी बी.एस्सी. झाले, तेव्हा आबांनी अख्ख्या सोनगीरला पेढे वाटले होते!

असो. मुलींच्या जागांचे गेल्या पाच वर्षांचे आकडे काढून मी आलेख मांडला. गेल्या वर्षी पुण्याची यादी ९७.४ ला बंद झाली. तुझी शक्यता दहात एक. जळगावची मात्र दहात दहा. तेव्हा फॉर्ममध्ये पहिली पसंती जळगाव लिही, पुणं दुसरं. हमखास मिळणारं आधी लिहावं. राहायला मी आहेच.

हायवेच्या पुलाचं काम बघत तू तासन् तास उन्हात उभी राहायचीस, ते मला ठाऊक आहे. पूल जळगावात शिकूनही बांधता येतात.

जीवरामला म्हणावं, टेम्पो सावकाश चालव. लोभ आहे, तू अभ्यासावरही तेवढाच ठेव.

तुझी आत्या,
बेबाबाई

&nbsp;

सोनगीर,
१७ जुलै २०२५

ती. अक्कांस,
किरणचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. फॉर्म भरायला दादांच्या टेम्पोतून धुळ्याला गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, मनात असेल ते पहिलं लिही, मिळेल की नाही ते कॉम्प्युटर बघेल. मी दादांकडे पाहिलं. दादांनी त्यांना सांगून टाकलं की आमची अक्का तीस वर्षं गणित शिकवत होती, अक्का सांगस ते बठ्ठं खरं शे. ‘सगळंच खरं?’ म्हणून मॅडम हसल्या.

जळगाव पहिलं लिहिलं, पुणं दुसरं. फॉर्म लॉक केला. आता बदलता येत नाही.

आईने शेवया पाठवल्या आहेत. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
किरण

&nbsp;

जळगाव,
१ ऑगस्ट २०२५

चि. किरण हिस,
आशीर्वाद.

काल पहिली यादी लागली. तुला जळगाव मिळालं. मग मी पुण्याची यादी उघडली. चष्मा पुसून दोनदा वाचली. मुलींच्या जागा ९५.८ ला बंद झाल्या आहेत. तुझे ९६.४.

आज सकाळी प्रवेशाच्या मदत केंद्रावर जाऊन आले. नियम विचारला. यादी लावताना कॉम्प्युटर मुलाची पहिली पसंती आधी बघतो, ती मिळत नसेल तरच दुसरी. म्हणजे तू पुणं पहिलं आणि जळगाव दुसरं लिहिलं असतंस, तरी जळगावची जागा कुठेही जात नव्हती. आणि पहिलीच पसंती मिळाली की ती जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही. मी चार वेळा विचारलं. शेवटी तो माणूस म्हणाला की बाई, आता तुम्ही घरी जा. मी घरी आले. कुलूप उघडायला मला किती वेळ लागला, ते लिहीत नाही.

माझ्या वेळी असं नव्हतं. एम.एस्सी.साठी मी पुणं पहिलं लिहिलं, तर दुसरं लिहिलेल्या कॉलेजाने उभंही केलं नाही. दोन्हीकडून गेले. पन्नास वर्षांत नियम बदलले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धुळ्याच्या मॅडमना कळत होतं आणि मला कळत नव्हतं.

चूक माझी. जीवरामला हे पत्र वाचून दाखव, गाळू नकोस. जागा स्वीकारायला तीन दिवस आहेत. निदान ती सोडू नकोस.

अक्का

&nbsp;

सोनगीर,
५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांस,
सा. नमस्कार.

हे पत्र मुद्दाम आज लिहिते आहे. जागा स्वीकारायची मुदत काल संपली. मी स्वीकारली नाही.

दादांना मी आज सकाळी सांगितलं. ते टेम्पो काढून निघून गेले. परत आल्यावर जेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार आहे. कमी पडले तर दोन्ही गेलं, हे मला कळतं.

तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, अक्काले घरमा सोबत जोयजे व्हती. दादा तिच्यावर ओरडले. सोबत हवी म्हणून तुम्ही मला जळगाव लिहायला लावलंत का, या विचाराने मला मात्र तेव्हापासून झोप नाही. खरं असेल तर सांगा, नसेल तरी सांगा. मी रागावले आहे, पण मला उत्तर हवं आहे.

अभ्यास इथेच राहून करीन, तुमच्याकडे येणार नाही. पण गणित तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही. दर आठवड्याला अडलेली गणितं पोस्टाने पाठवीन. सोडवून पाठवाल का? फक्त माझी शक्यता काढू नका.

किरण

&nbsp;

जळगाव,
९ ऑगस्ट २०२५

चि. किरण हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. नंतर बसले. अठरा वर्षांच्या मुलीने मिळालेली जागा सोडावी आणि मुदत संपल्यावर घरी सांगावं, हे आमच्या घरात आजवर कुणी केलेलं नाही. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

आता तुझं उत्तर. वरची खोली मी मे महिन्यातच रंगवून घेतली होती, तुझा निकाल लागायच्या आधी. टेबलही आणलं. आलेख त्यानंतर काढला. पाचपैकी दोन वर्षं पुण्याचा आकडा तुझ्या खाली आला होता. ती दोन वर्षं मी अपवाद म्हणून बाजूला ठेवली. का ठेवली, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. वर्गात एखाद्या मुलीने असा आलेख आणला असता, तर मी वही परत फेकली असती. तुझी आई भागाबाई खरं बोलली. जीवरामने तिच्यावर ओरडायचं कारण नाही, त्याला तसं सांग.

गणितं पाठव. कच्चं काम खोडू नकोस. तू कुठे घसरतेस ते मला त्यातच दिसेल. पाठवायचा दिवस शुक्रवार. एक शुक्रवार चुकला तर मी चौकशी करीन, दोन चुकले तर सोनगीरला येईन.

तुझी माया कमी झाली असेल, तर ती मी मागणार नाही. गणितं मात्र मागीन.

अक्का

ता. क. सहीच्या वर एक ओळ लिहिली होती, पुढच्या वर्षीच्या तुझ्या शक्यतेची. सवयीने हात गेला. शाईने पूर्ण खोडली आहे. कागद उजेडाला धरू नकोस.