मुगाच्या दाण्याएवढी हवा

॥ श्री ॥
बारोट (हिमाचल), १२ नोव्हेंबर १९९७

चि. देवू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तब्येतीची चौकशी तू तीनदा केली आहेस, म्हणून एकदाच नीट लिहितो. पाय चालतो, जीभ चालते (हे स्मिता तुला सांगेलच), उजवा हात ठणठणीत. डावा मात्र खांद्याला पिशवी अडकवावी तसा लोंबतो. बोटं हलतात, पकड नाही. चेहरा अर्धाच हसतो. मंडीचे डॉक्टर म्हणतात, झटका हलका होता, दैव समजा. समजलो.

अडचण तुला सांगायला नको. मासे धरायचा फ्लाय रॉड उजव्या हाताने फेकायचा आणि दोरी डाव्याने सोडायची, ओढायची. उहल नदीच्या काठी तीस वर्षं हेच केलं. आधी वीज प्रकल्पाच्या नोकरीत नदीचं पाणी मोजून झाल्यावर, आणि निवृत्तीनंतर दिवसभर. मागच्या महिन्यात, हंगाम संपता संपता, एकदा जाऊन पाहिलं. दोरी दातात धरली. एका मेंढपाळाने पाहिलं आणि तो हसला नाही, तेव्हा घरी आलो.

स्मिता नाशिकला चल म्हणून मागे लागली आहे. मुलगी एकुलती एक, तिचंही बरोबर आहे. पण तुझ्या वहिनीला याच नदीकाठी पोचवलं. तिला सोडून मी फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत बसू? शेवटी स्मिताशी ठरवलं: मार्चमध्ये हंगाम उघडेल. तो संपायच्या आत एक ट्राउट एकट्याने, एका हाताने काठावर आणली तर मी इथेच राहीन. नाही आणली तर हंगाम संपताच मुकाट्याने सामान बांधीन.

तू मासेमारीतला स्वयंघोषित प्राध्यापक. सुचत असेल तर सुचव. सौ. उर्मिलेस आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
रोल्ला, शारजा, २० डिसेंबर १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुचलं आहे. नुसतं सुचलं नाही, करून, तपासून, पार्सलात बांधून पाठवलं आहे. मी कुणा साहेबाच्या हाताखाली शिकलो नाही, जे आलं ते कॅटलॉग वाचून आणि चुकून आलं. म्हणून माझं म्हणणं जरा लक्ष देऊन वाच.

फ्लाय रॉड विसर. माशी तीच, पण सोबत पाठवलेल्या स्पिनिंग रॉडवर, त्यात दोरी रीळच सांभाळतं. पिसांच्या माशीला वजन नसतं, ती एकटी लांब जात नाही. म्हणून दोरीवर हा पारदर्शक प्लॅस्टिकचा गोळा ओवायचा. त्यात पाणी भरलं की त्याला फेकण्यापुरतं वजन येतं. त्याच्या पुढे चार फूट बारीक दोरी, टोकाला माशी. गोळा पाण्यावर तरंगत जातो, माशी मागून वाहत येते. दोन गोळे पाठवले आहेत.

भरण्याचा नियम एकच, आणि तो मोडायचा नाही. आत मुगाच्या दाण्याएवढी हवा ठेवायची. जास्त नाही, कमी नाही. मग गोळ्याचा फक्त माथा पाण्यावर राहतो आणि माशाला बिचकायला काही दिसत नाही. मी घरी नळाचं पाणी सिरिंजने भरतो आणि दर शुक्रवारी सकाळी इथल्या खाडीवर, खालिद लगूनवर, जाऊन फेकतो. एकदाही बुडाला नाही.

आता डाव्या हाताचं. आमच्या एसीच्या डक्टिंगच्या कामाचा चामडी पट्टा असतो, त्याला मी पुढे खोलगट वाटी शिवली आहे. फेकायचं उजव्याने, मग रॉडचा बुंधा कमरेच्या वाटीत रोवायचा, रॉड डाव्या कोपराच्या बेचक्यात टेकवायचा आणि उजव्यानेच रीळ फिरवायचं. हँडल उजव्या बाजूला लावून दिलं आहे.

माश्या बारा आहेत. मानेची पिसं आमच्या खालच्या कोंबडीवाल्या खैरुद्दीनची. तांबड्या कोंबड्याचीच हवीत म्हणून मी दुकानात उभा राहतो तेव्हा तो गिऱ्हाइकांना सांगतो की हा माणूस कोंबडी सोडून सगळं नेतो. माश्यांवर गुंडाळलेली जर उर्मिलेच्या जुन्या शालूची आहे. तिला विचारूनच घेतली, पण ती अजून बोलत नाही.

आमच्या वर्कशॉपमधला जहूर पाकिस्तानातल्या काघानचा, ट्राउटच्याच मुलखातला. लगूनवर त्याने सगळं पाहिलं, वा उस्ताद म्हणाला, आणि मग विचारलं की मासा काठाशी आला की जाळी कोण धरणार. मी म्हटलं, मी. इन्शाल्ला मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे आहे. रॉड तू धर, जाळी मी. स्मिताशी केलेल्या करारात एकट्याने हा शब्द तू उगाच घातलास. तो मी तिच्याशी बोलून काढून घेतो.

आशीर्वाद दिले आहेसच, ते चालू ठेव.

तुझा,
देवदत्त

॥ श्री ॥
बारोट, १६ मार्च १९९८

चि. देवू यास, आशीर्वाद.

पहिल्या आठवड्यात तुझी वाट पाहिली. शेजारच्या धनीरामकडून खाट आणून ठेवली होती, ती आज परत केली. काही अडलं असेल.

पार्सल उत्तम. पट्टा असा बसतो की जन्मतः असावा. हिवाळाभर अंगणात बर्फावर फेकून फेकून सराव केला. गावातली पोरं मी बर्फात मासे धरतो असं समजून बघायला यायची. फेक आता फ्लाय रॉडपेक्षा लांब जाते, हे तुला सांगायला जिवावर येतं पण खरं आहे.

परवा नदीवर गेलो. तुझ्या हुकमाप्रमाणे गोळा भरला, फेकला. सुरेख पडला आणि बुडाला. सावकाश, काही घाई नसल्यासारखा. माशी दगडाच्या कपारीत अडकली, तोडावी लागली. पुन्हा भरला, पुन्हा बुडाला. चार माश्या गेल्या. उर्मिलेच्या शालूची जर उहलच्या तळाशी चमकते आहे, तिला सांगू नकोस.

काय करू ते कळव. येणार कधी तेही कळव. आमचा लोभ तुला पाठ आहे.

दादा

॥ श्री ॥
शारजा, ८ एप्रिल १९९८

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र वाचून मला राग आला, तो लपवत नाही. गोळा बुडू शकत नाही. मी हिवाळाभर तपासला आहे. गोळा तोच, दोरी तीच, माशी तीच. बुडाला याचा अर्थ तू हवा ठेवली नाहीस. एका हाताने भरताना बूच दाबलंस आणि दाणा निसटला. किंवा हवा ठेवलीस असं तुला वाटलं. दादा, मोजमापात वाटणं चालत नाही, हे तूच मला लहानपणी फूटपट्टीने शिकवलं आहेस. मांडीवर टॉवेल घे, गोळा गुडघ्यात धर, नीट भर, उजेडात बघ. आळस करू नकोस. हाताची सबब मला सांगू नकोस.

येण्याचं म्हणशील तर एका हॉटेलचं काम अंगावर आलं आहे. मेअखेर नक्की. तारीख पंचवीस धर.

जरा जास्त बोललो असेन. उदार मनाने पोटात घाल.

देवदत्त

॥ श्री ॥
बारोट, २ जुलै १९९८

चि. देवू यास, आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मी नीट भरत नसेन, तसंच असेल. टॉवेल घेऊन बसतो.

पंचवीस मे होऊन गेली. धनीरामची खाट पुन्हा आली आणि परत गेली. आता तिला रस्ता पाठ झाला आहे. तू उन्हाळ्यात एसीचं काम असतं म्हणशील, तेव्हा मीच म्हणून टाकतो. सप्टेंबरात पाणी स्वच्छ होतं. तेव्हा बघ.

पाण्याला पावसाचा गढूळ रंग आहे. रागावून का होईना, लिहीत राहा.

दादा

॥ श्री ॥
बारोट, २८ ऑक्टोबर १९९८

चि. देवू यास, आशीर्वाद.

हे पत्र छोटं आहे. स्मिता आली आहे, सामान बांधते आहे. परवा आम्ही निघतो. ठरलं होतं त्याप्रमाणे. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या रॉडचा काही दोष नाही. तो धनीरामकडे ठेवला आहे. पुढचं पत्र नाशिकच्या पत्त्यावर टाक.

गाडीच्या वळणावरून नदी बराच वेळ दिसते म्हणतात. मी कधी या रस्त्याने कायमचा गेलेलो नाही, त्यामुळे माहीत नाही.

दादा

॥ श्री ॥
शारजा, १९ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी बारोटला जाणार होतं, आता नाशिकला पाठवतो आहे.

गेल्या आठवड्यात इथे पाणी जाणार होतं म्हणून उर्मिलेने मोरीत बादल्या भरून ठेवल्या होत्या. माझा नमुन्याचा गोळा कट्ट्यावर होता, भरलेला, मुगाच्या दाण्याएवढ्या हवेसकट. तिचा धक्का लागून तो बादलीत पडला. मी दात घासत होतो. तो सावकाश खाली गेला आणि तळाला टेकला. तू लिहिलं होतंस तसा. काही घाई नसल्यासारखा.

दादा, समुद्राचं पाणी जड. नळाच्या पाण्याने भरलेला गोळा त्यात तरंगणारच. नदीचं पाणी हलकं, त्यात तोच गोळा बुडणार. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट. मी लगूनवर इतके शुक्रवार घालवले आणि एकदाही बादलीत टाकून पाहिला नाही. आणि वर तुला आळशी म्हटलं. तू बरोबर भरत होतास. हात बरोबर होता.

अर्धा गोळा रिकामा ठेव, तरंगेल. फेक जरा आखूड जाईल, एवढंच. पुढचा मार्च आहे. नाशिक म्हणजे काही शेवट नव्हे, स्मिताची समजूत मी घालतो. परत जाऊ. या वेळी तारीख सांगत नाही.

रागाचं पत्र फाडून टाक. पुढचं काही मागायला तोंड नाही.

तुझा,
देवदत्त

॥ श्री ॥
नाशिक, १४ डिसेंबर १९९८

ती. देवकाका व सौ. काकू यांस,
स्मिताचा सा. न. वि. वि.

फोनवर मला रडण्यापलीकडे काही सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. दुसरा झटका चार तारखेच्या पहाटे आला. दवाखान्यात नेईपर्यंतच होते. त्रास फार झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील, पण मी धरून चालले आहे.

तुमचं पत्र त्याआधी तीन-चार दिवस आलं होतं. मी वाचून दाखवलं. बादलीपाशी आल्यावर बाबा त्यांच्या हसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याने खूप हसले. म्हणाले, की अखेर सापडलं त्याला. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणाले, जन्मभर पाणी मोजलं, खारं-गोडं कळणार नाही का. त्याचं रागाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी कळलं होतं. मग कळवलं का नाही म्हणून मी चिडले. त्यावर म्हणाले, की झटका आल्यापासून सगळे माझ्याशी काचेचं भांडं उचलल्यासारखे बोलतात, तूसुद्धा. देवूने एकट्याने मला धडधाकट माणसाला झापावं तसं झापलं. तशी पत्रं थांबू नयेत असं वाटलं.

तुम्ही म्हणालात तरी ते पत्र आता फाडता येणार नाही. त्यांच्या उशाशी होतं, ते मी ठेवून घेतलं आहे.

काका, एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, तुम्हाला लिहू नको म्हणाले होते. आता लिहिते. सप्टेंबरात त्यांनी दुसरा गोळा अर्धा रिकामा ठेवून टाकला. तो तरंगला. आणि मासा लागला, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. वाटीत रॉड, उजव्याने रीळ, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे, पार काठापर्यंत आणला. तिथे अडलं. उजवा हात रॉड सोडू शकत नाही आणि डावा जाळी उचलू शकत नाही. मासा गुडघाभर पाण्यात समोर पडला होता, दमलेला, आणि हे नुसते उभे. म्हणाले, आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो. मग त्याने एक झटका दिला आणि गेला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला नाशिकहून ये म्हणून फोन केला.

तुम्ही का येऊ शकला नाहीत ते मी विचारत नाही. बाबाही विचारत नसत. ते म्हणायचे, देवू नक्की तारीख सांगतो तेव्हा समजावं की त्याच्या हातात काही नाही.

त्यांच्या पेटीतला पहिला गोळा वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. त्याच्या बुचावर त्यांनी मेणबत्तीचं मेण ओतलं आहे, आत पाणी तसंच आहे. तुम्हाला द्यायचा म्हणून ठेवला होता. मला त्यातलं कळत नाही, तुम्हीच बघा.

आता बाबांच्या वाटची मायाही तुमच्याकडूनच.

तुमची,
स्मिता

॥ श्री ॥
शारजा, २३ जानेवारी १९९९

चि. स्मिता हीस,
आशीर्वाद.

पार्सल बुधवारी मिळालं. मेणाला कुठे चीर नाही. दादाने कुठलंच काम अर्धवट केलं नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आमच्या कंपनीचा स्थानिक मालक मागच्या फेब्रुवारीत वारला. मुलांची आपसांत भांडणं लागली, ऑफिसला सील लागलं, आणि कंपनीने ठेवून घेतलेले आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट आतल्या कपाटात राहिले. कधी पुढचा आठवडा म्हणायचे, कधी ईदनंतर. मी दादाला हॉटेलचं काम सांगत राहिलो, कारण आजारी माणसाला ही काळजी कशाला असं वाटलं. म्हणजे काचेचं भांडं मीही केलंच. पासपोर्ट दहा जानेवारीला हातात आला. आता तो शर्टाच्या खिशात असतो. उर्मिला म्हणते, धुण्यात जाईल.

गोळा उजेडात धरून पाहिला. आत उहलचं पाणी आहे, थंडगार दिसतं, अगदी स्वच्छ. आणि वर मुगाच्या दाण्याएवढी हवा. जास्त नाही, कमी नाही. एका हाताने भरलेली. माझ्या दोन हातांनी भरलेल्या एकाही गोळ्यात दाणा इतका नेमका आलेला नाही.

काल शुक्रवार. जहूरला घेऊन लगूनवर गेलो. दोरीला माशी बांधली नाही, नुसता तो गोळा. फेकला. दादा, तुझा गोळा तरंगला, असं मी मोठ्याने म्हणालो. जहूर लांब बघत राहिला. दादाच्या नदीचं पाणी खाऱ्या पाण्यावर, फक्त माथा वर ठेवून, बराच वेळ हलत होतं. मग मी रॉड कमरेला टेकवून एका हाताने हळूहळू रीळ फिरवलं. गोळा काठाशी आला. मी उचलायला वाकणार तोच जहूरने, मी काही न सांगता, जाळी खाली धरली.

मेण अजून तसंच आहे.

पत्र पाठवत जा. दादाने मला लिहिलं होतं तेच तुला सांगतो, रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
देवकाका