हंसाखालचं कांकण

२८ ऑगस्ट १९३८, फुलचूर (गोंदिया)
नागपूरचे प्रोफेसर येऊन गेले. आमच्या गेल्या वर्षीच्या फोटोवर भिंग फिरवलं आणि ह्यांना म्हणाले, "चित्र उत्तम आहे." फोटो नाही, चित्र. म्हणजे हंस तारकासमूहाच्या पंखाखालचा तो तेजोमेघ आकाशातून नाही, रिटचिंगच्या पेन्सिलीतून उतरला. पुस्तकात पाहून काढला असेल. वर हेही, की "आपल्या स्टुडिओत टकल्यालाही केस फुटतात असं ऐकतो."

फुटतात. मीच फोडते. नवऱ्यामुलींच्या तोंडावरचे देवीचे वण मीच बुजवते, आणि ते लपवत नाही. पण त्या प्लेटला, फोटोच्या काचेला, पेन्सिल लावलेली नाही. दोन तास चाळीस मिनिटं डोळा लावला होता, तेवढाच.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दुर्बिणीशी मी बसते, हे ह्यांना सांगवेना. शेवटी चहाचे कप उचलता उचलता मीच म्हणाले, "कोरी प्लेट देते. तिच्यावर सही करा. त्याच प्लेटवर काढू, आणि धुताना तुम्ही समोर उभे राहा."

प्रो.नी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कोपऱ्यात पेन्सिलीनं सही केली. एक प्लेट. जमलं नाही तर मी कायमची खोटी.

३० ऑगस्ट
हे म्हणतात, कशाला पैज लावलीस, आपल्याला माहीत आहे ना खरं काय ते. हातच्या कांकणाला आरसा कशाला. हातच्या कांकणाला नाही लागत. हे कांकण आभाळात आहे, तेही फुटकं, एक तुकडा तेवढा दिसतो. त्याला आरसा लागतो.

१९ सप्टें.
पाऊस उघडल्यासारखा वाटतो. अंगणातल्या चौथऱ्यावर सगळं बसवलं. पितळी दुर्बीण, तिच्या पाठीवर स्टुडिओचा कॅमेरा बांधलेला, खाली रेल्वेच्या लोको शेडच्या मिस्त्रीनं करून दिलेला लोखंडी घोडा. घोड्याची मूठ फिरवली की सगळं मिळून हळूच सरकतं. दुर्बिणीत कोळ्याच्या धाग्याची फुली ताणली आहे. तारा फुलीवरून हलला की मूठ फिरवायची, परत फुलीवर आणायचा. किती वेळ, तर जितका वेळ प्लेट उघडी. याला मी 'धरणं' म्हणते.

मागच्या वर्षी माझा केस ताणला होता. जाड पडला. कोळी बरा.

२० सप्टें.
७।। ते ९।।। धरलं. एकदाच सुटला, डास चावला तेव्हा, लगेच परत आणला.

सासूबाई पाटावर बसून होत्या. "कायले एवढी वाकून राहिली वं? मान मोडंल ना."
दाखवलं त्यांना. बराच वेळ पाहिलं.
"ठिपकाच त हाय एक."
म्हटलं, त्याच्या अंगावरून कांकणाचा तुकडा गेला आहे, डोळ्याला दिसत नाही, काचेला दिसतो. तासन् तास पाहिलं की काच साठवत जाते.
"मंग काच माह्यापेक्षा शहानी."
तुमच्यापेक्षा नाही, प्रोफेसरांपेक्षा, म्हटलं. खूप हसल्या.

२१ सप्टें.
ढग. शिव्या.

२२ सप्टें.
पावणेदोन तास. परवाचे धरून चार झाले. गेल्या वर्षीसारखं पुसट नको, आठ तरी हवेत. आता चांदणं वाढणार, पुढचा अंधार दिवाळीच्या सुमाराचा. तोवर प्लेट आपल्या चपट्या लाकडी स्लाइडमध्ये, झाकण घट्ट, काळ्या फडक्यात, माझ्या पेटीत. ह्यांना म्हटलं, पेटीला हात लावायचा नाही. सासूबाईंना सांगायचं सुचलं नाही. त्या पेटीला कधी हात लावत नाहीत.

३ ऑक्टो., दसरा
सकाळपासून दुकानात गर्दी, दसऱ्याला सगळ्यांना फोटो हवा. दुपारी घरी आले तर देवापुढे हत्यारं मांडलेली. विळे, नांगराचा फाळ, ह्यांच्या कात्र्या, दुर्बीण, कॅमेरा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि शेवटी ती स्लाइड, झाकण दोन बोटं ओढलेलं, आत काचेच्या कोपऱ्यावर कुंकू.

मी ओरडले. घरात इतकी कधी ओरडले नव्हते.

सासूबाईंना कळेचना. "पेटीतून आनली मीच. नांगराची पूजा करताना कुंकू फाळाले लावतेत का मुठीले? काम त आतली काच करते, तूच सांगतलं. खोक्याले लावून काय फायदा?"

बरोबरच आहे त्यांचं. झाकण ढकलून बंद केलं. किती वेळ उघडं होतं, तर "आरती होयेपर्यंत." देवघर अंधारं, पण समोर निरांजन. लाल दिव्याची नव्हे, तुपाच्या वातीची पिवळी ज्योत. तेवढ्यावर प्लेट जळते.

४ ऑक्टो.
सासूबाई जेवल्या नाहीत. मीही नाही. हे मधे बसून एकटेच जेवले, आणि बिचाऱ्यांना मीठ कमी आहे म्हणायचीही चोरी.

ह्यांचं म्हणणं, प्रो.ना लिहू, नवी प्लेट सही करून मागू. मी नाही म्हणाले. काय लिहू? सासूबाईंनी ओवाळली? आधीच त्यांना वाटतं की गोंदियात बसून हे होत नाही, झालं तर पेन्सिलीनं होतं. त्यांना हसायला आयतं मिळेल. झाकण पूर्ण नव्हतं उघडलं, काठच गेला असेल. कदाचित सगळीच गेली असेल. धुतल्याशिवाय कळणार नाही आणि धुतली की संपलं.

हीच प्लेट पुढे चालवणार. कुंकवासकट.

संध्याकाळी सा.बांना ताट वाढलं. म्हणाल्या, "माह्या बोटानं वाटोळं झालं ना?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, अजून ठरलं नाही. जेवा. जेवल्या मग.

१७ ऑक्टो.
रोज संध्याकाळी अभ्र. दिवसा लख्ख ऊन, दिवे लागले की ढग हजर. हंस पश्चिमेकडे कलतोय, दीड-दोन महिन्यांनी हाती लागणार नाही. मग पुढच्या वर्षीपर्यंत मी खोटी.

प्रो.चं पत्र, अर्थात ह्यांच्या नावे. "काम सोडून दिले असल्यास संकोच न करता कळवावे." वाचून दाखवलं आणि चुलीत घातलं.

२० ऑक्टो.
अखेर उघडलं. सव्वादोन तास धरलं. पाय बधिर झाले. स्टूल उंच, पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळत बसावं लागतं. तारा एकदाही सुटला नाही. आणखी एक संध्याकाळ मिळाली तर पुरे.

२२ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
आभाळ धुतल्यासारखं, आणि सगळ्या फुलचुरात दिवे. आमच्या अंगणात दिवा लावला तर उजेडानं प्लेट धुरकटणार. न लावावा तर लक्ष्मीपूजनाला घर काळोखात. मी दुर्बीण पुसत बसले. दसऱ्याला एकदा ओरडून झालं होतं.

सासूबाईंनीच नेहमीसारख्या पणत्या भरल्या, वाती लावल्या, ओटीवर ओळीनं मांडल्या. मग त्यांनी एकेका पणतीवर बांबूची टोपली उपडी घातली, टोपल्यांवर ओली पोती टाकली. बारा पणत्या, बारा टोपल्या. तेलाचा वास तेवढा येत होता.

शेजारचे शेठजी कुंपणाशी आले. "माताजी, लछमीपूजन के दिन अंधेरा? अपशगुन होता है."
"दिवे लावले हाय ना मी. झाकले हाय. लक्ष्मीले का समजत नाही?"
शेठजी परत गेले. नंतर त्यांच्या आमच्या बाजूच्या भिंतीवरचा कंदील दिसला नाही. त्यांनी काढला की वाऱ्यानं विझला, कोण जाणे. मी विचारायला गेले नाही.

दोन तास दहा मिनिटं. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. मी कधी इतका वेळ एका ठिकाणी पाहत बसले नव्हते, स्वतःच्या लग्नातसुद्धा.

६ नोव्हें.
प्लेट धुवायची म्हणून कळवलं होतं, प्रो. सकाळच्या गाडीनं आले. दसऱ्याचं सगळं मीच आधी सांगून टाकलं. "ओवाळली?" म्हणाले. ओवाळली, म्हटलं. ह्यांनी मान खाली घातली, मी नाही घातली. आणि तिथंच सांगितलं की दुर्बिणीशी मी बसते, मागच्या वर्षीही मीच होते, रिटचिंगही मीच करते, तेव्हा जे काय खोटं म्हणायचं ते मला म्हणा.

डार्करूममध्ये आम्ही तिघं. दाराबाहेर सा.बा. तबक मी हलवत होते, घड्याळ प्रो.कडे. आधी कुंकू सुटून पाण्यात फिरलं. त्यांची सही दिसली, शाबूत. तिच्याशेजारी सासूबाईंच्या बोटाचा ठसा, तोही शाबूत. मग काठ काळा पडत गेला, दोन बोटं, तीन बोटं. मग तारे आले. गोल. एकही लांबलेला नाही. प्रो.नी घड्याळ खाली ठेवलं.

हे विचारत होते, "काय आलं? सांग ना, काय आलं?"
मला दिसलं. काळ्या पडलेल्या काठातून निघून ताऱ्याच्या अंगावरून गेलेलं कांकण. म्हटलं, "आलं."
बाहेरून आवाज, "आलं का वं?"

प्लेट वाळल्यावर प्रो.नी ती खिडकीशी धरून तासभर पाहिली. भिंग पुसून पुसून पाहिली. मग म्हणाले, "काहीतरी आहे, बाई. नाही असं म्हणवत नाही. पण खालचा अर्धा भाग गेला आहे, वरचा अर्धा... एवढ्यावर मी सही करू शकत नाही."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. आतून दोन कोऱ्या प्लेटा काढल्या आणि त्यांना परत लाल दिव्याखाली नेलं. म्हटलं, एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी. बावीस तारखेला अमावास्या आहे, हंस तेव्हाही संध्याकाळी दोन तास दिसतो. तुमची प्लेट तुम्ही स्वतः धरा. मग सांगा पेन्सिलीनं होतं का.

माझ्या प्लेटवर त्यांनी सही केली. त्यांच्या स्वतःच्या प्लेटवर पेन्सिल टेकवली आणि थांबले. "बघतो," म्हणाले, "कळवतो." संध्याकाळच्या गाडीनं गेले. दुसरी प्लेट सहीवाचून तशीच स्लाइडमध्ये घातली आहे.

१४ नोव्हें.
पत्र नाही. सासूबाईंनी दोन्ही स्लाइडी स्वतःच्या पेटीत ठेवल्या आहेत, किल्ली कमरेला. "आता कोनी हात लावून दाखवा."

मिस्त्रीकडून घोड्याला तेल घालून घेतलं. फुलीला नवा धागा. ह्यांनी विचारलं, आले नाहीत तर? तर एक मी धरीन, आणि दुसरीही मीच धरीन.

स्टूल पुसून अंगणात ठेवलं. उंच आहे, प्रो.चे पाय टेकणार नाहीत. माझेही टेकत नाहीत.