झाकलेली कळशी

लातूर, सोमवार, टँकर येऊन गेल्यावर

आज सूड उगवला. लहानसाच, पण लई गोड लागला.

होळीच्या सुमारास टँकरच्या रांगेत नंबराला माझी कळशी लावली होती. मोठ्या जाऊबाईंनी ती सगळ्यांदेखत उचलून बाजूला ठेवली. "हिला धड उभं राहवत न्हाई, उगी कशाला जागा अडवायची?" खोटं नव्हतं. डायलिसिस करून आले की दुसऱ्या दिवशीही अंथरूण सुटायचं नाही. पण म्हणून माझी कळशी उचलायची?

मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी मशीन चालू असतानाच पलंगावर पायाशी पायडल लावून दिलं. पडल्या पडल्या मारायचं. दर फेऱ्याला जाऊबाईंचं तोंड डोळ्यांपुढं. थकवा कशानं उतरला, पायडलनं का रागानं? देव जाणे.

आज कळशी उजव्या कमरेवर घेतली. डाव्या हातात सुया टोचतात, तो जपला. मुद्दाम त्यांच्या दारावरून गेले. त्या बघतच राहिल्या. म्हणाले, "अक्का, तुमची बी आणून देऊ का?"

कळशी अर्धीच होती. वर ताटली झाकलेली, म्हणून त्यांना कळलं नाही.

उद्या परत पायडल. ताटली काढून जायचंय अजून त्या दारावरून.